शांततेचा पगार कोण देणार?

सप्टेंबर २०२३ मधली गोष्ट. त्या वर्षी अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी आली होती, २८ तारखेला. आमच्या मोहल्ल्यातल्या मुलांनी महिनाभर आधीपासून जुलूसची तयारी केली होती. टेम्पो ठरला होता, रोषणाईवाला ठरला होता, शरबतासाठी पातेली सांगून ठेवली होती. मग निरोप यायला लागले की जुलूस त्या दिवशी नको, विसर्जन होऊन जाऊ दे. राज्यात ठिकठिकाणच्या मुस्लिम संघटनांनी हाच निर्णय घेतला. सरकारनेही ईदची सुटी २९ तारखेला नेली. सगळीकडे सलोख्याचे कौतुक झाले. ते व्हायलाच हवे होते.

पण त्या कौतुकामागचा हिशेब कुठे आला नाही. टेम्पोवाल्याने ॲडव्हान्स परत द्यायला नकार दिला. त्याचेही बरोबर होते, त्याने त्या तारखेची दुसरी भाडी सोडली होती. रोषणाईवाल्याचे तेच. मुलांनी घराघरांतून शंभर-दोनशे करत जमवलेले साडेसात हजार रुपये बुडाले. सतरा ते वीस वर्षांची ती मुले. "दर वेळी आपणच का मागे सरायचं?" हा त्यांचा प्रश्न होता, आणि तो चुकीचा नव्हता. दोन रात्री बैठका झाल्या. आवाज चढले. शेवटी बांगड्यांच्या दुकानाचे चाचा उठले आणि गल्ल्यातून साडेसात हजार काढून मुलांच्या हातात ठेवले. म्हणाले, "ये लो, अब तारीख की बात करो."

त्या दोन रात्री माझेही काम चालूच होते. पोलीस ठाण्याला द्यायचे पत्र मराठीत लिहिले, शेजारच्या गणेश मंडळाला द्यायचे पत्र लिहिले, मशिदीच्या फळ्यावर लावायची सूचना उर्दूत लिहिली. सकाळी सातला शाळा होती. हे तक्रार म्हणून सांगत नाही. मला एवढेच म्हणायचे आहे की त्या आठवड्यात आमच्या भागात जी शांतता राहिली, तिला खर्च आला होता. साडेसात हजार रुपये रोख आणि पंधरा-वीस माणसांची झोप. फक्त तो खर्च कोणत्याही वहीत नाही.

मी उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवते. वीस वर्षे झाली. या वीस वर्षांत सरकारी कागदातला एक वाक्प्रचार मला पाठ झाला आहे: "उपलब्ध मनुष्यबळातून". नवी योजना येते, नवा कक्ष स्थापन होतो, नवी समिती नेमली जाते आणि परिपत्रकाच्या शेवटच्या ओळींत असते की हे काम उपलब्ध मनुष्यबळातून करावे, यासाठी वेगळा निधी मिळणार नाही. शिक्षकांना याचा अर्थ चांगला कळतो. काम आहे, माणूस नाही. म्हणजे आधीच चार कामे करणाऱ्या कोणाच्या तरी डोक्यावर पाचवे काम. मतदार याद्या, सर्वेक्षणे, ऑनलाइन माहिती भरणे, सगळे असेच आमच्याकडे आले.

मला वाटायचे की हा आपल्याच सरकारी कारभाराचा गुण. पण काही दिवसांपूर्वी संयुक्त राष्ट्रसंघाच्या शांतता-उभारणीच्या कामाबद्दल वाचत होते, तर तिथेही तेच वाक्य भेटले. आमचा मोहल्ला कुठे आणि न्यूयॉर्क कुठे, असे वाचकांना वाटेल. पण गोष्ट ऐका, फार ओळखीची वाटेल.

युद्ध थांबवणे वेगळे आणि शांतता उभी करणे वेगळे, हे जगाला उशिरा कळले. सैन्य येते, गोळीबार थांबतो, करार होतो, सैन्य परत जाते आणि काही वर्षांत तोच देश पुन्हा पेटतो. त्यामुळे २० डिसेंबर २००५ रोजी संयुक्त राष्ट्रांची आमसभा आणि सुरक्षा परिषद यांनी एकाच दिवशी ठराव करून शांतता-उभारणी आयोग स्थापन केला. सदस्य ३१ देश. शांतिसेनेला सर्वाधिक सैनिक देणाऱ्या देशांपैकी एक म्हणून भारत त्यात पहिल्यापासून आहे. आयोग म्हणजे वेगवेगळ्या देशांचे राजदूत. ते बैठकीला येणार, बोलणार, जाणार. मग रोजचे काम कोणी करायचे? एखाद्या देशात तंटा कशावरून आहे, तिथे कोणाशी बोलायचे, पैसा कुठे लागेल, हे पाहायला कायम बसणारे कार्यालय हवे. म्हणून त्याच ठरावात एक छोटे सहाय्य कार्यालय स्थापन करायला सांगितले, त्यात जाणकार माणसे असावीत असेही म्हटले आणि सोबत अट घातली: आहे त्याच साधनसामग्रीतून.

हे वाचून मला हसूच आले. जगातल्या सगळ्या देशांनी मिळून शांततेसाठी कार्यालय काढले आणि त्याला शिक्षकांना येते तसलेच परिपत्रक दिले.

पुढे ऑक्टोबर २००६ मध्ये शांतता-उभारणी निधी सुरू झाला. तोही ऐच्छिक. म्हणजे ज्या देशाला वाटेल त्याने वाटेल तेवढे द्यावे, आपल्याकडच्या वर्गणीसारखे. भारतानेही दिले. उदाहरणार्थ २०२१ सालासाठी दीड लाख डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने साधारण एक कोटी दहा लाख रुपये. वर्गणीचा स्वभाव आपल्या सर्वांना ठाऊक आहे. ज्या वर्षी देणाऱ्याचा हात आखडतो त्या वर्षी मांडव लहान होतो. निधी कमी पडतो आहे, अशी ओरड वर्षानुवर्षे चालली. अखेर डिसेंबर २०२३ मध्ये आमसभेने ठरवले की २०२५ पासून दरवर्षी ५ कोटी डॉलर सदस्य देशांच्या सक्तीच्या वर्गणीतून या निधीला मिळतील. एवढे ठरायला १७ वर्षे लागली.

५ कोटी डॉलर म्हणजे किती? त्याच राष्ट्रसंघाच्या शांतिसेनेचे २०२४-२५ चे अंदाजपत्रक सुमारे ५६० कोटी डॉलरचे होते. म्हणजे भांडण पेटल्यावर सैनिक पाठवायला शंभर डॉलर आणि ते पुन्हा पेटू नये म्हणून खात्रीचा एक डॉलरही नाही. आणि स्टॉकहोमच्या शांतता संशोधन संस्थेच्या हिशेबाने २०२४ मध्ये जगाने लष्करावर खर्च केला २ लाख ७१ हजार ८०० कोटी डॉलर. मी वर्गात मुलांना हे गणित घातले. जग लष्करावर जेवढे दहा मिनिटांत खर्च करते, त्याहून कमी रक्कम या निधीला वर्षभरासाठी मिळते.

आयोगाच्या यादीत पहिल्यांदा आलेले दोन देश होते सिएरा लिओन आणि बुरुंडी. सिएरा लिओनचे नाव आपल्याकडच्या फौजी घरांत अपरिचित नाही. तिथल्या शांतिसेनेत भारतीय जवान होते, दोनशेहून अधिक जण बंडखोरांच्या वेढ्यात अडकले होते आणि जुलै २००० मध्ये 'ऑपरेशन खुकरी' करून त्यांना सोडवावे लागले. एका वेळी त्या छोट्या देशात साडेसतरा हजार शांतिसैनिकांची मंजुरी होती. डिसेंबर २००५ मध्ये ही फौज परतली. त्याच महिन्यात हा आयोग जन्माला आला. फौजेच्या प्रत्येक दिवसाचा खर्च अंदाजपत्रकात होता. फौज गेल्यावर उरलेल्या कामाला मात्र "आहे त्याच साधनसामग्रीतून" असा शेरा.

आता आपल्याकडे येऊ. रामटेकडीला राज्य राखीव पोलीस दल आहे. दंगल झाली की त्यांच्या गाड्या निघतात. त्या जवानांना पगार आहे, भत्ता आहे, निवृत्तिवेतन आहे, आणि असलेच पाहिजे. पण दंगल होऊ नये म्हणून वर्षाचे ३६५ दिवस काम करणारा, त्यासाठीच पगार घेणारा एक तरी माणूस आपल्या शहरात आहे का? शांतता समिती आहे, असे कोणी म्हणेल. मीही एका समितीत होते. "महिला प्रतिनिधी पाहिजे" म्हणून माझे नाव घातले होते. सणाच्या आठ दिवस आधी बोलावणे यायचे. चहा, बिस्किटे, साहेबांचे भाषण, दोन्ही बाजूंच्या ठरलेल्या माणसांची ठरलेली भाषणे, ग्रुप फोटो. मग सण पार पडला की पुढच्या वर्षापर्यंत समितीचा पत्ता नाही. मधल्या अकरा महिन्यांत जे काही साचते ते साचतच राहते.

असे नव्हे की महाराष्ट्राला याहून चांगले येत नाही. भिवंडीचे उदाहरण आपल्या घरातले आहे. यंत्रमागांचे गाव. उत्तरेतून आलेले उर्दू बोलणारे मोमीन विणकर, कोकणी मुसलमान, मराठी हिंदू, तेलुगू पद्मशाली, सगळे एका गल्लीला लागून. १९७० मध्ये तिथे भीषण दंगल झाली, न्यायमूर्ती मदन आयोगाने तिची चौकशी केली. १९८४ मध्ये पुन्हा झाली. १९८८ मध्ये सुरेश खोपडे तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आले. त्यांनी मोहल्ला समित्या काढल्या, सुमारे ७०. प्रत्येकीत हिंदू आणि मुसलमान बरोबरीने. पुढाऱ्यांऐवजी साधी माणसे. आणि प्रत्येक समितीला एक पोलीस जोडून दिला. नळाचे पाणी, गटार, लाऊडस्पीकर, मुलांची भांडणे, हे सारे तिथे नियमित बोलले जाऊ लागले. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत होती, श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालानुसार ९०० माणसे मेली, आणि मुंबईला खेटून असलेली भिवंडी शांत राहिली. आशुतोष वार्ष्णेय यांनी दंगलींवरच्या आपल्या अभ्यासात भिवंडीची ही कहाणी मांडली आहे. त्यांचा एकूण निष्कर्ष असा की नुसते शेजारी राहणे पुरत नाही, एकत्र बसायची ठरलेली जागा लागते.

या कहाणीत "चांगला अधिकारी" एवढेच आपण पाहतो. मला त्यात मनुष्यबळ दिसते. प्रत्येक समितीला पोलीस जोडला, म्हणजे पगारी माणसाचे तास शांततेच्या कामाला दिले. हे उपलब्ध मनुष्यबळच होते, पण त्याचे दुसरे काम कमी करून दिलेले. फरक तिथे पडला. आणि या योजनेचा कच्चा दुवाही तोच होता. ते एका अधिकाऱ्याच्या इच्छेवर उभे होते. अधिकाऱ्याची बदली होते, इच्छेची होत नाही. पुढे जुलै २००६ मध्ये याच भिवंडीत पोलीस ठाण्याच्या इमारतीवरून वाद पेटला, पोलिसांच्या गोळीबारात दोघे मेले आणि जमावाने दोन पोलिसांचा जीव घेतला. चारही घरांत मातम झाला. अठरा वर्षांपूर्वी ज्या गावाने रस्ता शोधला होता तिथे हे घडले.

मुंबईत १९९४ नंतर मोहल्ला कमिटी चळवळ उभी राहिली. पोलीस आयुक्त सतीश साहनी, निवृत्त अधिकारी ज्युलिओ रिबेरो, सुशोभा बर्वे यांच्यासारखी माणसे त्यात होती. वस्त्यांमधल्या बायका पुढे आल्या, हिंदू-मुस्लिम मुलांचे एकत्र क्रिकेट सामने झाले. मोठे काम. पण ते उभे राहिले ते स्वयंसेवकांच्या वेळेवर आणि भल्या माणसांच्या देणगीवर. पुढे १५ ऑगस्ट २००७ ला गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम आणली. गावाने आपले तंटे आपसांत मिटवायचे आणि तंटामुक्त झालेल्या गावाला लोकसंख्येनुसार लाखांत बक्षीस. कितीतरी गावांत बांधाचे, भावकीचे जुने खटले मिटले. पण बक्षीस हे बक्षीसच. ते मिळाले की फलक लागतो, सत्कार होतो आणि काम संपल्यासारखे वाटते.

म्हणजे आजवर आपण शांततेला तीन वाटांनी पैसा दिला: पोलिसाच्या वेळेतून, दात्याच्या खिशातून आणि बक्षिसातून. पगार देऊन कायमचे काम म्हणून कधीच नाही. राष्ट्रसंघाच्या निधीतूनही बहुतेक प्रकल्प दीड किंवा तीन वर्षांच्या मुदतीचे असतात. मी स्वतः तीन वर्षे मानधनावर शिक्षण सेवक होते. मुदतीवरच्या माणसाचे अर्धे लक्ष पुढच्या नेमणुकीकडे असते, हे मी अनुभवाने सांगते. आणि शांततेच्या कामात तर माणसाला ओळखायलाच दीड वर्ष जाते.

आता नेमायचे कोणाला? इथे मला २ जून २०१४ ची रात्र आठवते. फेसबुकवर कोणीतरी महापुरुषांची विटंबना करणारी चित्रे टाकली होती. शहरात दोन-तीन दिवस तणाव होता. त्या रात्री हडपसरमध्ये नमाज पढून परतणाऱ्या एका तरुणाला जमावाने मारले. सोलापूरहून नोकरीसाठी पुण्यात आलेला, संगणक क्षेत्रात काम करणारा मुलगा. त्या चित्रांशी त्याचा काही संबंध नव्हता. दाढी आणि टोपी एवढीच त्याची ओळख. जानेवारी २०२३ मध्ये न्यायालयाने आरोपींना निर्दोष सोडले. तो मुलगा गेला तो गेला. त्या आठवड्यात आमच्या वर्गातल्या एका मुलाने मला विचारले होते, "टीचर, अब्बा दाढी काढू का म्हणत आहेत, काढावी का?" मला उत्तर देता आले नाही.

मी आजही विचार करते की त्या दोन-तीन दिवसांत काय करता आले असते. कोणीतरी चौकाचौकांत जाऊन तरुणांशी बोलायला हवे होते, त्यांना आधीपासून नावाने ओळखणाऱ्या माणसाने. कोणीतरी मशिदीत सांगायला हवे होते की आज रात्री एकटे जाऊ नका, दोघे-तिघे मिळून जा. कोणीतरी मराठी, हिंदी आणि उर्दू, तिन्ही भाषांत खरी माहिती पसरवायला हवी होती. ही कामे बंदुकीची नाहीत. ही ओळखीची आणि भाषेची कामे आहेत. त्यामुळे या कामाला लागणारा माणूस परिषदांत भाषण करणारा तज्ज्ञ नव्हे. ज्याला मंडळाच्या अध्यक्षाशी मराठीत आणि मदरशातल्या मौलानांशी उर्दूत बोलता येते, ज्याच्या घरी दोन्हीकडची माणसे चहाला येतात, तो. आणि त्यात बायका हव्यातच. जानेवारी २००७ मध्ये भारताने लायबेरियात फक्त महिलांची पोलीस तुकडी पाठवली, राष्ट्रसंघाच्या इतिहासातली अशी पहिली. ती पाहून तिथल्या मुली पोलीस भरतीला येऊ लागल्या, असे राष्ट्रसंघानेच सांगितले आहे. ज्या घरात परक्या पुरुषाला उंबरठा ओलांडता येत नाही तिथे बाई आत जाते, आणि दंगलीची भीती सगळ्यात आधी स्वयंपाकघरात बोलली जाते.

यावर आक्षेप येतील, ते मला माहीत आहेत. पहिला आक्षेप आपल्याच लोकांचा. सलोखा हे सवाबचे काम, त्याला पगार कसला? मी अदबीने सांगते, आपल्या दीनने शांततेचा खर्च मोजायला कधी लाज मानली नाही. जकात ज्या आठ प्रकारच्या लोकांना देता येते त्यात कर्जदार आहेत, आणि दोन गटांतले भांडण मिटवण्यासाठी ज्याने देणे आपल्या अंगावर घेतले, त्यालाही फकीहांनी या कर्जदारांत धरले आहे. सहीह मुस्लिममध्ये कबीसा बिन मुखारिक यांची हकिकत आहे. त्यांनी असाच बोजा उचलला होता आणि ते मदत मागायला हुजूर (स.) यांच्याकडे गेले, तेव्हा त्यांना सदका येईपर्यंत थांबायला सांगितले गेले. शाफई मतानुसार असा माणूस श्रीमंत असला तरी त्याला देता येते, हनफी मतात तो गरजू असावा लागतो. कोकणी आणि दख्खनी घरांत यावर चर्चा होऊ शकेल. पण मुद्दा एक आहे. समेट घडवणाऱ्याच्या खिशाला भोक पडते आणि ते बुजवणे ही जमातीची जबाबदारी आहे, हे चौदाशे वर्षांपूर्वी ओळखले गेले होते. आमच्या चाचांचे साडेसात हजार याच जातीचे.

दुसरा आक्षेप. पगारी माणूस म्हणजे सरकारचा खबऱ्या होणार. ही भीती खरी आहे आणि ती दोन्ही समाजांत आहे. त्यामुळे हे कार्यालय पोलीस ठाण्यात नको. ठाण्यात सांगितलेली गोष्ट नोंद होते, आणि नोंदीच्या भीतीने माणूस बोलत नाही. तिसरा आक्षेप पैशाचा. परदेशी देणगी आणली तर उद्या त्यावरूनच संशय घेतला जाईल, मुसलमानांच्या बाबतीत तर आधी घेतला जाईल. कोणा एका धनिकाचा पैसा घेतला तर त्याचा शब्द चालेल. म्हणून हा पैसा सार्वजनिकच हवा, आपण सगळे भरतो त्या करातला. म्हणजे त्यावर हिंदू-मुसलमान दोघांचा हक्क आणि दोघांना हिशेब विचारायचा अधिकार.

तर मी एक हिशेब मांडते. पुणे महापालिकेची १५ क्षेत्रीय कार्यालये आहेत. प्रत्येकात एक सलोखा कक्ष. दोन पूर्णवेळ माणसे, त्यातली एक तरी बाई, दोघे वेगवेगळ्या समाजांतले. महिना पन्नास हजार पगार धरला तर ३० माणसांचे वर्षाला १ कोटी ८० लाख. प्रत्येक कक्षाला दोन लाखांचा तातडीचा निधी, म्हणजे बुडालेला ॲडव्हान्स, फुटलेली काच, जखमीचे पहिले औषध यांसाठी ३० लाख. प्रशिक्षण, फोन, छपाईला ४० लाख. एकूण अडीच कोटी. महापालिकेचे २०२५-२६ चे अंदाजपत्रक १२ हजार ६१८ कोटींचे आहे. म्हणजे शंभर रुपयांत दोन पैसे.

नेमणूक लेखी परीक्षा आणि मुलाखतीने व्हावी, नगरसेवकाच्या चिठ्ठीने नाही. वर एक देखरेख समिती असावी, निवृत्त न्यायाधीश, शिक्षक, डॉक्टर, मंडळांचे आणि मशिदींचे प्रतिनिधी यांची. खर्चाचा हिशेब दर तीन महिन्यांनी फलकावर लागावा, माणसांनी सांगितलेल्या गोष्टी मात्र कक्षाबाहेर जाऊ नयेत. आणि पहिले काम म्हणून पुढच्या पाच वर्षांचे सण एका कॅलेंडरवर मांडावेत. २९ जून २०२३ ला आषाढी आणि बकरी ईद एकत्र आली, पंढरपूरच्या मुस्लिम बांधवांनी त्या दिवशी कुर्बानी टाळली. १४ मार्च २०२५ ला धुळवड आणि रमझानचा जुमा. ६ जुलै २०२५ ला आषाढी आणि मोहरमची दहावी. यातले काहीही अचानक आलेले नाही. चंद्राचे वर्ष दहा-अकरा दिवसांनी मागे सरकते, हे मौलानांनाही माहीत आहे आणि पंचांगवाल्यांनाही. मग बैठक आठ दिवस आधीच का बोलावली जाते? सहा महिने आधी बोलावली असती तर मुलांनी टेम्पोला ॲडव्हान्स दिलाच नसता.

२०२५ मध्येही ईद-ए-मिलाद ५ सप्टेंबरला आणि विसर्जन ६ ला होते. पुन्हा बैठक, पुन्हा तीच चर्चा. २०२६ मध्ये हे दोन सण महिनाभर लांब जातील. सगळे निवांत होतील, समितीची आठवण कोणाला येणार नाही. माझ्या मते कक्ष उभा करायची वेळ हीच आहे. पेटल्यावर माणसे नेमायला गेलो तर फक्त बंदोबस्त नेमला जातो.

राष्ट्रसंघाला वर्गणीवरून नियमित निधीपर्यंत यायला १७ वर्षे लागली. पुण्याला तेवढी लागू नयेत. वाचकांपैकी जे मंडळात आहेत, जमातीत आहेत, महापालिकेत ज्यांची ऊठबस आहे, त्यांनी हा हिशेब चुकला असेल तर दुरुस्त करावा, पण पुढे न्यावा.

चाचांकडे परवा गेले होते, मुलीसाठी बांगड्या घ्यायला. साडेसात हजारांचा विषय काढला. म्हटले, मोहल्ल्यातून वर्गणी काढून तुमचे परत करू. ते बांगड्यांना कागद गुंडाळत म्हणाले, "मेरे रहने दो टीचर. अगली बार कौन देगा, वो पूछो सब से."

म्हणून विचारते आहे.